केमॅलॉकच्या जागी मॅलॉक चालेल का? लायब्ररी बनवलेल्या कर्नलची मेमरी

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी हा प्रश्न विचारलाय. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी प्रश्नच थोडक्यात सांगतो. ही मुलं मालीम जेटीवरच्या ट्रॉलरांसाठी एक छोटा गेटवे करतायत. किनाऱ्याजवळ मोबाइलचं नेटवर्क, खोल समुद्रात सॅटेलाइट, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कनेक्शन तुटू नये म्हणून मल्टिपाथ टीसीपी. बोर्ड २५६ एमबी रॅमचा. त्यावरचं लिनक्स जुनं, आणि मूळ लिनक्समध्ये मल्टिपाथ टीसीपी आलं ते ५.६ या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली. बोर्डाचे ड्रायव्हर त्या जुन्या कर्नलला बांधलेले, त्यामुळे कर्नल बदलता येत नाही. मग नव्या कर्नलमधला नेटवर्कचा कोड उचलायचा आणि साध्या प्रोसेसमध्ये लायब्ररीसारखा चालवायचा, असं त्यांनी ठरवलं. कल्पना उत्तम आहे, आणि अशा कामासाठी ती खरोखर वापरलीही जाते.

त्यांनी मेमरीचा भाग असा सोडवला: केमॅलॉक (कर्नलमधलं मेमरी मागायचं फंक्शन) बोलावलं की मॅलॉक (साध्या प्रोग्रॅममधलं तसंच फंक्शन), केफ्री म्हणजे फ्री (मेमरी परत करणं), केमेम-कॅशमधून, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंच्या साठ्यातून, वस्तू मागितली तरी मॅलॉकच, आणि मेमरी कशी द्यायची ते सांगणारे जीएफपीचे फ्लॅग सरळ सोडून दिले. आरसीयूची, म्हणजे लॉक न घेता वाचणाऱ्यांना सांभाळणाऱ्या यंत्रणेची, फंक्शनंही रिकामी. पिंग चालतं. एक मोठी फाइल पाठवली तर तीही जाते. पण छोटी छोटी शेकडो कनेक्शनं उघडबंद केली की प्रोसेस कोसळते, आणि जीडीबी या डीबगरमध्ये ठिकाण दिसतं ते जुळलेली कनेक्शनं शोधणाऱ्या फंक्शनमध्ये. कधी कोसळत नाही, नुसती अडकते. शिवाय रॅम चढत जाते ती उतरतच नाही. गाइड म्हणतात, स्वतःचा स्लॅब अ‍ॅलोकेटर, म्हणजे एकाच आकाराच्या वस्तू रांगेत रचून वाटणारा कोड, लिहा. मुलं विचारतायत: लिहायचा का? मॅलॉकच नीट करून चालेल का? आणि एकूण मेमरी किती ठेवायची?

माझं मत असं. मॅलॉकवर भागवू नका, आणि स्वतःचा स्लॅबही लिहू नका. होस्टकडून, म्हणजे बोर्डावरच्या जुन्या लिनक्सकडून, मेमरीचा एक सलग मोठा तुकडा एकदाच घ्या, तो ‘ही तुझी रॅम’ म्हणून कर्नलच्या हाती द्या, आणि वरचं सगळं वाटप कर्नलच्याच बडी (मोठे तुकडे वाटणाऱ्या) आणि स्लब (त्यांतून वस्तू वाटणाऱ्या, स्लॅबच्याच नव्या प्रकारच्या) अ‍ॅलोकेटरला करू द्या. भाटकाराकडून (जमीनमालकाकडून) अख्खं भाट (बागायत) कसायला घ्यावं आणि आतले माड-पोफळी आपण बघाव्यात. दर नारळामागे त्याच्या दारात जाऊन उभं राहू नये, तसं हे आहे. होस्ट आणि कर्नल यांच्यातली शिवण पेजच्या, म्हणजे मेमरीच्या ४ केबीच्या तुकड्याच्या, पातळीवर असू द्या, वस्तूच्या पातळीवर नको.

आता कारणं. पहिल्या कारणावर जरा जास्त वेळ घेतो, कारण तुमची प्रोसेस कोसळते ती त्याच्यामुळे.

लिनक्समध्ये टीसीपीचा सॉकेट, म्हणजे एका कनेक्शनची नोंद, ज्या केमेम-कॅशमधून येतो, तिच्यावर एक फ्लॅग असतो: टाइपसेफ-बाय-आरसीयू. २०१७ च्या आधी त्याचं नाव डिस्ट्रॉय-बाय-आरसीयू होतं, आणि त्या नावाने बऱ्याच जणांची दिशाभूल केली. या फ्लॅगचा अर्थ ‘वस्तू उशिरा मोकळी होईल’ असा नाही. वस्तू ताबडतोब मोकळी होते, आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या कनेक्शनला दिलीही जाऊ शकते. हमी एवढीच असते की त्या जागेवर जे काही असेल ते टीसीपी सॉकेटच असेल. आणि ते पेज परत करायची वेळ आली तर सगळे आरसीयू वाचक बाहेर पडेपर्यंत थांबलं जाईल.

ही हमी का लागते ते पॅकेट आल्यावर काय होतं त्यावरून कळतं. हॅश टेबलच्या एका बकेटमधली (खान्यातली) सॉकेटांची साखळी लॉक न घेता चालत जायची. प्रत्येक सॉकेटचा हॅश, पत्ते आणि पोर्ट पाहायचे. जुळला तर त्याचा रेफरन्स काउंट (वापरणाऱ्यांची मोजणी) ‘शून्य नसेल तरच’ एकने वाढवायचा. वाढला की पत्ते आणि पोर्ट पुन्हा एकदा तपासायचे, कारण मधल्या वेळात तो सॉकेट मोकळा होऊन दुसऱ्याचा झालेला असू शकतो. दुसऱ्याचा निघाला तर सोडून द्यायचा आणि पुन्हा शोधायचं. साखळीच्या शेवटी साधा नल नसतो, आपण कोणत्या बकेटमध्ये होतो त्याची खूण असते. चालता चालता दुसऱ्याच साखळीत घसरलो तर ती खूण पाहून कळतं. फार हुशारीने बांधलेली गोष्ट आहे. पण तिचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: मोकळ्या झालेल्या सॉकेटमध्ये डोकावलं तर तिथे सॉकेटच दिसेल.

तुमच्या रचनेत तिथे काय दिसतं? टीसीपी सॉकेट दोन हजार बाइटच्या पुढचा आहे, म्हणजे ग्लिबसीच्या (मॅलॉक पुरवणाऱ्या सी लायब्ररीच्या) थ्रेड-कॅशमध्ये तो मावत नाही. फ्री केल्यावर तो सहसा मुख्य याद्यांमध्ये जातो. त्या याद्यांचे पुढचा-मागचा असे दोन पॉइंटर ग्लिबसी मोकळ्या तुकड्याच्याच सुरुवातीला लिहितं, ६४ बिट मशिनवर पहिल्या १६ बाइटमध्ये. सॉकेटच्या पहिल्या १६ बाइटमध्ये असतं काय? आधी दोन्हीकडचे आयपी पत्ते, मग हॅश, मग दोन्ही पोर्ट. म्हणजे शोधणाऱ्याला नेमकं जे वाचायचंय त्याच्यावरच मॅलॉकची शाई सांडलेली. इथवर सुदैव, कारण हॅश जुळणार नाही आणि तो पुढे जाईल. पण पुढे जायला साखळीचा पॉइंटर लागतो. तोवर ती जागा एखाद्या पॅकेटच्या डेटाला दिली गेली असेल तर त्या पॉइंटरच्या जागी कुणाच्या तरी फाइलचे बाइट असतात. तिथे प्रोसेस पडते, आणि जीडीबी तुम्हाला तेच दाखवतोय. याहून वाईट म्हणजे न पडणं. क्वचित सगळं जुळून येतं, रेफरन्स काउंट समजून एखाद्या पॅकेटमधला आकडा एकने वाढतो, आणि पलीकडे पोचलेल्या फाइलमध्ये एक बाइट वेगळा निघतो. ते शोधायला जीडीबी कामाचा नाही.

स्लब हेच कसं सांभाळतो बघा. त्यालाही मोकळ्या वस्तूंची साखळी ठेवायला पॉइंटर लागतो, आणि एरवी तो वस्तूच्या पोटातच लिहितो. पण कॅशवर हा फ्लॅग असला, किंवा कॅशला कन्स्ट्रक्टर (वस्तू सुरुवातीला बांधणारं फंक्शन) असला, तर तो पॉइंटर वस्तूच्या बाहेर, तिच्या शेवटानंतर जातो. वस्तूला धक्का लागत नाही. मॅलॉकला हे सांगायची सोयच नाही, कारण त्याला वस्तूचा प्रकार माहीत नसतो, फक्त आकार माहीत असतो.

इथेच कन्स्ट्रक्टरचंही सांगून टाकतो. केमेम-कॅशचा कन्स्ट्रक्टर दर वाटपाला चालत नाही. स्लॅबसाठी नवं पेज घेतलं की त्यातल्या वस्तूंवर एकदा चालतो. वस्तू परत करताना ती ‘नुकत्याच बांधलेल्या’ अवस्थेत परत करायची, असा करार असतो. मूळ कल्पना जेफ बॉनविक यांची, सनच्या सोलॅरिस २.४ मधली; १९९४ साली त्यांनी ती मांडली तेव्हा भर याच्यावरच होता, की वस्तू पुन्हा पुन्हा बांधण्या-मोडण्याचा खर्च वाचवायचा. तुमच्या मॅलॉकच्या रचनेत कन्स्ट्रक्टर कुणी चालवतच नाही. नेटवर्कमध्ये हे लवकर टोचत नाही. फाइल सिस्टिमचा कोड घेतला असतात तर आयनोडच्या (फाइलींच्या नोंदींच्या) कॅशमध्ये पहिल्या मिनिटाला टोचलं असतं.

दुसरं, प्रोसेस अडकते ते. तुम्ही पाठवलेल्या स्टॅकमध्ये खालून वर वाचलं तर मॅलॉक, त्याच्यावर सिगअलार्मचा (ठरल्या वेळी येणाऱ्या सिग्नलचा) हँडलर, त्याच्यावर टीसीपीचा रीट्रान्समिट टायमर, मग पॅकेट बनवायला केमॅलॉक, म्हणजे पुन्हा मॅलॉक, आणि सगळ्यात वर लॉकची वाट बघणारं ग्लिबसीचं फंक्शन. लॉक ज्याच्याकडे आहे तो थ्रेड याच स्टॅकच्या तळाशी थांबलाय. त्यामुळे हे कधीच सुटणार नाही. सिग्नल हँडलरमधून मॅलॉक बोलावू नये हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण कर्नलच्या कोडला हे माहीत असायचं कारण नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो इंटरप्टमध्ये आहे आणि जीएफपी-अ‍ॅटॉमिक (वाट न बघता लगेच द्या) हा फ्लॅग देऊन तिथे मेमरी मागणं पूर्ण कायदेशीर आहे. स्लबचा वेगवान मार्ग लॉकशिवाय चालतो आणि संथ मार्ग इंटरप्ट बंद करून चालतो, म्हणून कर्नलमध्ये हे निभतं. अर्थात तुमच्या लायब्ररीत ‘इंटरप्ट बंद’ हे फंक्शन रिकामं असेल तर स्लब आणूनही काही उपयोग नाही. टायमर सिग्नलवर ठेवू नका. त्याला वेगळा थ्रेड द्या, आणि कर्नलमध्ये शिरण्याआधी त्या थ्रेडने एक सामाईक ‘सीपीयू लॉक’ घ्यावा. एलकेएल, म्हणजे लिनक्स कर्नल लायब्ररी, हेच करते.

फ्लॅग सोडून देण्यात आणखी एक गोम आहे. जीएफपी-अ‍ॅटॉमिकने मागितलेली मेमरी नाकारली जाऊ शकते, हे धरून नेटवर्कचा कोड लिहिलेला आहे: पॅकेट टाकून दे, नंतर बघू. मॅलॉक लिनक्सवर जवळजवळ कधीच नाही म्हणत नाही, कारण होस्ट ओव्हरकमिट करतो, म्हणजे असेल त्याहून जास्त मेमरी कबूल करतो. मग नकाराचा रस्ता कधी चाललेलाच नसतो. आणि शेवटी २५६ एमबीच्या बोर्डावर नकार येतो तो होस्टच्या ओओएम किलरकडून (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या भागाकडून), अख्ख्या प्रोसेसला. तुमची रॅम चढते आणि उतरत नाही तीही यातलीच गोष्ट. कर्नल आपली कॅश स्वतःहून आवरत नाही. मेमरी कमी पडतेय हे बडी अ‍ॅलोकेटरला दिसलं की मग श्रिंकर (कॅश आवरणारी फंक्शनं) हलतात, जुनी पेजं सुटतात. वर आभाळ मोकळं असेल तर आवरायचं कशाला?

तिसरं कारण तुम्हाला अजून भेटलेलं नाही, पण भेटेल. कर्नलमध्ये कोणत्याही केमॅलॉकच्या पत्त्यावरून त्याचं स्ट्रक्ट पेज, म्हणजे त्या पेजची नोंद, काढता येतं. वर्ट-टू-पेज नावाचा मॅक्रो साधी वजाबाकी करतो: पत्त्यातून रॅमची सुरुवात वजा करायची, १२ बिट सरकवायचं, आणि तितकावा घटक पेजांच्या टेबलात बघायचा. टीसीपीत लागोपाठची दोन पॅकेटं एकत्र जोडताना हे लागतं, क्रिप्टोला बफर देताना लागतं. केफ्रीसुद्धा पत्ता कोणत्या स्लॅबमधला ते असंच शोधतो. मॅलॉकच्या पत्त्याला असं टेबल नाही. वजाबाकी होते, उत्तरही येतं, पण त्या उत्तराच्या जागी पेज नसतं. काही जण हा मॅक्रो दर ठिकाणी हाताने बदलत बसतात. कर्नलची पुढची आवृत्ती घेतली की ते सगळं पुन्हा करावं लागतं.

मॅलॉकचा रस्ता कुणी शहाण्याने घेतलाच नाही असं मात्र नाही. २०१५ साली हाजिमे ताझाकी यांनी लिब-ओएस नावाने लिनक्ससाठी पॅच मांडले होते, त्यात केमॅलॉक आणि त्याची भावंडं होस्टच्या मॅलॉककडे वळवलेली होती. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये लिनक्सचा खरा टीसीपी चालवणारं डीसीई याच घराण्यातलं. तिथे याचा मोठा फायदा झाला: मेमरीच्या चुका पकडणारा व्हॅलग्राइंड सरळ लावता आला, आणि त्याने लिनक्सच्याच कोडमध्ये न भरलेल्या किमती वाचल्या जातात अशा जागा दाखवल्या. पुढे ताझाकी एलकेएलच्या कामात आले. एलकेएलची रचना ऑक्टाव्हियन पुर्डिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडली. तिथे कर्नलला वाटतं आपण एका नव्या आर्किटेक्चरवर, एमएमयू (मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नसलेल्या मशिनवर चालतोय. सुरू होताना ती होस्टकडून एक तुकडा मागते, पेजच्या सीमेवर सरकवते, मेमब्लॉकला (सुरुवातीला रॅमची नोंद ठेवणाऱ्या भागाला) ‘ही रॅम’ म्हणून सांगते. त्यानंतर कर्नलच्या वाटपाशी होस्टच्या मॅलॉकचा संबंध उरत नाही.

नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे रम्प कर्नल, म्हणजे तिच्या कर्नलचे लायब्ररीसारखे चालणारे भाग, मला या बाबतीत सगळ्यात प्रामाणिक वाटतात. अँटी कँटी यांनी २००७ पासून ते घडवले आणि २०१२ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्यात दोन्ही सोयी ठेवल्यात. एरवी कर्नलचेच पूल आणि केमेम अ‍ॅलोकेटर चालतात, होस्टकडून खाली फक्त कच्ची मेमरी येते. पण बांधताना एक पर्याय दिला की ते बाजूला होऊन प्रत्येक वाटप थेट होस्टच्या मॅलॉकवर जातं. त्या पर्यायाचं नावच ‘अनरिअल अ‍ॅलोकेटर्स’. कशासाठी? व्हॅलग्राइंडसारखी साधनं लावून चुका शोधायला. आणि रम्प कर्नलवर मेमरीची मर्यादा घालायची असेल तर खरे अ‍ॅलोकेटर हवेत, म्हणजे टंचाई आल्यावर पूल आवरले जातात. दोन्ही गरजा खऱ्या, पण एकाच वेळच्या नाहीत.

युजर मोड लिनक्सने, म्हणजे साध्या प्रोसेससारखं चालणाऱ्या अख्ख्या लिनक्सने, तर गंगा उलटी वाहवली आहे. तिथे कर्नल उभं राहिलं की लिबसीचं मॅलॉकच पकडून कर्नलकडे वळवलं जातं: एका पेजच्या आतलं असेल तर केमॅलॉक, मोठं असेल तर व्हीमॅलॉक (सुटी पेजं जोडून देणारं फंक्शन). एका प्रोसेसमध्ये दोन मालक नकोत, हा त्यामागचा विचार.

झेडएफएस या फाइल सिस्टिमचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे, तेही सांगतो, नाहीतर मी मॅलॉकच्या नावाने बोटं मोडतोय असं वाटेल. झेडएफएसचा गाभा युजर प्रोसेसमध्ये लिबझेडपूल म्हणून बांधता येतो आणि झेडटेस्ट हा चाचणीचा प्रोग्रॅम त्याच्यावर तासन्‌तास मारा करतो. लिनक्सवरच्या ओपनझेडएफएसमध्ये त्याच्या खालचा अ‍ॅलोकेटर हा मॅलॉकवरचा पातळ मुलामा आहे. पण त्यांनी करार पाळलाय. कॅशमधून वस्तू मागितली की दर वेळी कन्स्ट्रक्टर चालतो, परत दिली की डिस्ट्रक्टर चालतो. आणि तो कोड दुसऱ्याच्या स्लॅबच्या पोटातल्या गोष्टींवर अवलंबून नाही, कारण तो पहिल्यापासून दोन्हीकडे चालण्यासाठी लिहिला गेला. लिनक्सचा नेटवर्कचा कोड तसा लिहिलेला नाही.

लिनक्सच्या स्वतःच्या सोर्समध्येही असा एक मुलामा आहे, टूल्स फोल्डरच्या टेस्टिंग विभागात, रॅडिक्स ट्री आणि मेपल ट्री या डेटा स्ट्रक्चरांची चाचणी युजर प्रोसेसमध्ये घेण्यासाठी. जरूर वाचा, लहान आहे. त्यात एक गंमत मला फार आवडते: वाट बघायची परवानगी नसलेली, म्हणजे अ‍ॅटॉमिक मागणी आली की तो मुद्दाम नाही म्हणतो. होस्टवर ढीगभर मेमरी असली तरी. कारण चाचणीत नकाराचा रस्ता चालला पाहिजे. आणि वस्तू सोडताना तीवर ६बी हा बाइट फासून मग फ्री करतो, म्हणजे नंतर कुणी ती वाचली तर लगेच उघडं पडावं. तुमच्यापैकी कुणाला एखाद्या छोट्या डेटा स्ट्रक्चरची चाचणी अशी घ्यायची असेल तर मॅलॉक बिनधास्त वापरा, पण फ्लॅग असे पाळा.

आता गाइडांचा मुद्दा: स्वतःचा स्लॅब. शिकायला म्हणून लिहा, वाईट नाही. एका सुट्टीत जमतो. पण प्रोजेक्टचा पाया म्हणून नको. खरा स्लब म्हणजे नुसत्या आकारांच्या रांगा नव्हेत. दोनच्या घातांकातल्या आकाराचं केमॅलॉक त्याच आकाराच्या सीमेवर येईल ही हमी ५.४ पासून आहे आणि कोड तिच्यावर विसंबतो. केसाइझ विचारलं तर खरा आकार सांगता आला पाहिजे. आरसीयूचं वर सांगितलंच. हे एकेक करत तुम्ही शेवटी स्लबच पुन्हा लिहाल, फक्त कमी तपासलेला. लिनक्सनेही आपले तीन अ‍ॅलोकेटर ठेवून पाहिले: स्लब २००७ मध्ये आला, लहान मशिनसाठीचा स्लॉब ६.४ मध्ये काढला, जुना स्लॅब ६.८ मध्ये काढला. सांभाळणाऱ्यांनाच तीन परवडले नाहीत. अहवालात ‘आम्ही अ‍ॅलोकेटर लिहिला नाही, आणि का नाही’ हे दोन पानं लिहिलंत तर एखाद्या परीक्षकाला ते जास्त आवडेल. निदान मी परीक्षक असतो तर आवडलं असतं.

म्हणून सुटे सुटे तुकडे उचलणं थांबवा आणि एलकेएल घ्या. कॉन्फिगमध्ये मल्टिपाथ टीसीपी चालू करा. आरसीयू, टायमर, स्लब, सगळं आपल्या जागी येतं, आणि एकच सीपीयू असल्याने आरसीयूची साधी आवृत्ती पुरते.

राहिला आकार. इथे गंमत अशी आहे की रॅमचा आकडा फक्त ‘मावेल की नाही’ एवढं ठरवत नाही, टीसीपीचा वेगही ठरवतो. कर्नल सुरू होताना टीसीपी मोकळी पेजं मोजतो आणि त्यावरून आपल्या मर्यादा बांधतो. सगळ्या कनेक्शनांनी मिळून वापरायची कमाल मर्यादा मोकळ्या मेमरीच्या सुमारे ९.३७ टक्के, ६.२५ टक्क्यांना तो हात आखडू लागतो. आणि एका कनेक्शनचा रिसीव्ह बफर आपोआप वाढतो तो मोकळ्या मेमरीच्या १२८ व्या भागापर्यंत, वरची हद्द ६ एमबी.

आता ३२ एमबी देऊन बघा. एका कनेक्शनला जास्तीत जास्त २५६ केबी. त्यातला साधारण निम्मा भाग पॅकेटांच्या वरखर्चासाठी धरला जातो, म्हणजे विंडो १२८ केबी. भूस्थिर सॅटेलाइटवर जाऊन यायला ६०० मिलिसेकंद लागतात असं धरा. दर फेरीला १२८ केबी, म्हणजे सेकंदाला सव्वादोनशे केबीच्या आत. पावणेदोन मेगाबिटच्या आसपास. लिंक १० मेगाबिटची असेल तर तिच्यात ७५० केबी उडत राहायला हवेत. तुम्ही सॅटेलाइट कंपनीला फोन करून तक्रार कराल, आणि दोष मात्र मेमरीच्या आकड्यात असेल. मल्टिपाथमध्ये हे आणखी बोचतं, कारण मोबाइलवरून लवकर आलेली पॅकेटं सॅटेलाइटवरच्या उशिरा येणाऱ्यांची वाट बघत त्याच बफरमध्ये बसून राहतात.

नुसती रॅम वाढवून हे सोडवू नका. ७५० केबीच्या विंडोला बफर दुप्पट, म्हणजे १.५ एमबीचा लागतो; त्यासाठी जवळजवळ २०० एमबी द्यावी लागेल, तेवढी बोर्डात मोकळी नाही. ६४ एमबी द्या आणि टीसीपी-आरमेम या सेटिंगचा तिसरा आकडा (रिसीव्ह बफरची कमाल मर्यादा) सिसकंट्रोलने, म्हणजे कर्नलची सेटिंग बदलायच्या सोयीने, हाताने २ एमबी करा. सगळ्यांची मिळून मर्यादा तेव्हा सुमारे ६ एमबी असते; बोटीवरच्या गेटवेला एका वेळी दोन-तीनच जड कनेक्शनं असतात, तेवढ्यात भागतं. स्ट्रक्ट पेजच्या टेबलाला ६४ एमबीमागे १ एमबी जातो: १६,३८४ पेजं, प्रत्येकी ६४ बाइट. तो खर्च धरून चाला.

तुकडा एममॅपने (होस्टकडून थेट पेजं घ्यायच्या फंक्शनने) घ्या. मॅलॉकनेही येईल, एवढा मोठा असला की ग्लिबसी आतून एममॅपच करतं, पण सीमा आणि फ्लॅग आपल्या हातात राहिलेले बरे. लहान बोर्डावर सुरू होतानाच सगळी पेजं भरून घ्या. होस्टची मेमरी अपुरी असेल तर ते जेटीवर बोट बांधलेली असताना कळू दे. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला बोटी बाहेर पडल्या की मग रीस्टार्ट करायला तिथे कुणी नसतं. आणखी एक: एमएमयू नसलेल्या कर्नलमध्ये व्हीमॅलॉकसुद्धा सलग तुकडाच मागतो. काही दिवस चालून बडीचे मोठे तुकडे फुटले की मोठी मागणी नाकारली जाईल, जरी एकूण मेमरी शिल्लक असली तरी. मोठी टेबलं सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

पॉइंटरांची सरमिसळ होऊ देऊ नका. लायब्ररीबाहेरच्या तुमच्या कोडने मॅलॉक केलेलं केफ्रीकडे जाता कामा नये, आणि उलटही. लायब्ररीच्या सीमेवर डेटा कॉपी करा. झीरो-कॉपीची हौस प्रोजेक्ट पास झाल्यावर.

असा एकसंध तुकडा दिल्यावर व्हॅलग्राइंड आंधळा होतो, हा एक तोटा खरा आहे. त्याला सगळं एकच भलं मोठं वाटप दिसतं. त्याच्या मेमपूलच्या सूचना स्लबमध्ये टाकता येतात, पण आधी फुकटचं वापरा: स्लबचं स्वतःचं डीबग, सुरू करताना एफ (तपासण्या), झेड (हद्दीच्या खुणा), पी (सोडलेल्यावर ६बीचं विष फासणं), यू (कुणी मागितलं-सोडलं त्याची नोंद) ही चारही अक्षरं देऊन. वस्तूच्या हद्दीबाहेर लिहिलं, सोडलेल्यावर लिहिलं, दोनदा सोडलं, तर ते कुणी केलं त्याच्या स्टॅकसकट छापतं. एक लक्षात ठेवा: टाइपसेफ-बाय-आरसीयू असलेल्या आणि कन्स्ट्रक्टर असलेल्या कॅशमध्ये विष फासणं स्लब आपणहून बंद ठेवतो, कारण सोडलेली वस्तू वाचणं तिथे कायदेशीर आहे. म्हणजे तुमच्या टीसीपी सॉकेटांवर ६बी दिसणार नाही, आणि दिसलं नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. तिथे झेड आणि यू याच दोन अक्षरांवर नजर ठेवा.

आणि फेलस्लॅब चालू करून एक रात्र चालवा. कर्नलमधली ही सोय ठरावीक प्रमाणात मागण्या मुद्दाम नाकारते, आणि एरवी फक्त वाट न बघू शकणाऱ्या मागण्यांनाच हात लावते, म्हणजे नेमक्या तुमच्या पॅकेटांच्या. दर शंभरात एक नकार ठेवा, शेकडो छोट्या कनेक्शनांची तीच चाचणी लावा, आणि सकाळी पलीकडे पोचलेल्या फाइलींचे चेकसम जुळवून पाहा. वेग कमी झालेला चालेल. चेकसम एकाही फाइलचा चुकता कामा नये.